ड्रमाचा कान

डिसेंबर आमच्या घरी येतो तो सुमनच्या स्वेटरमधून.

सकाळी दहाच्या सुमारास हैदराबादेतल्या, नल्लकुंट्यातल्या आमच्या गॅलरीत ऊन उतरतं. तोवर स्वयंपाकघर आवरून सुमन बाहेर येते, डोक्यावरून स्वेटर काढते आणि चट्चट् असा बारीक आवाज होतो, फोडणीतली मोहरी संपत आल्यासारखा. तिच्या चार पांढऱ्या बटा सरळ वर उभ्या राहतात. मग ती दार लोटायला लोखंडी कडीला हात लावते आणि बोट झटकते.

"आली बघा तुमची ठिणगी," ती म्हणते. जणू माझी बहीणच माहेरपणाला आली आहे.

एवढं झालं की हवा कोरडी झाली हे मला कळतं. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. टाचांच्या भेगा चादरीत अडकतात. हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या हातगाडीवर येतात. इथं त्याला बूट म्हणतात. 'ताजे बूट' अशी हाक आली की गावाकडून नव्यानं आलेला आमचा प्रत्येक पाहुणा आधी दाराशी काढलेल्या चपलांकडे बघतो. आम्ही गॅलरीत बसून ते घाटे सोलतो, निम्मे भांड्यात जातात, निम्मे तोंडात. बोटांना आंबट लव लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, असं मला यंदा वाटतंय.

यंदा म्हणतो, कारण त्याआधीचे एकोणीस हिवाळे मला हा चट् आवाज सोसत नसे. सुमन स्वेटर काढायला लागली की मी उठून आत जायचो, आणि तिला वाटायचं, मला गार वाटतंय.

हे मी मराठीत लिहितो आहे. माझा मुलगा मराठी छान बोलतो, पण वाचताना जोडाक्षराशी अडतो. त्याला सुमन वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पण ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वाक्य इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीत मला लपायला जागा सापडली होती. मराठीत ती नाही. मराठीत क्लिप लावणं वेगळं आणि क्लिप लागणं वेगळं.

मी औषधांच्या कारखान्यात होतो. शहराबाहेर, जिथं तेव्हा अजून तुरीची शेतं कुंपणाला टेकलेली होती. आमच्याकडे गोळ्या बनत नसत. गोळीत जी पांढरी भुकटी असते ती बनत असे, आणि ती पुढं दुसरीकडे जाई. मी प्रॉडक्शनचा ऑफिसर. आमचं कुटुंब मूळचं मराठवाड्यातलं, शेती करणारं; निजामाच्या राज्यात असताना हैदराबाद हीच आमची राजधानी, म्हणून आजोबांच्या पिढीपासून कुणी ना कुणी इथं नोकरीला. लहानपणी गावी गेलो की थंडीत पहाटे वडील घोंगडी झटकायचे, आणि लोकरीतून बारीक निळ्या ठिणग्या उडायच्या. मी त्यांना पुन्हा झटकायला लावायचो. वीज नसलेल्या त्या घरात ती एवढीशी वीज मला फार श्रीमंतीची वाटे. पुढं तिच्याशीच माझं पोट बांधलं जाणार आहे हे कुणाला ठाऊक.

पावडर दिसायला गरीब असते. मैद्यासारखी. पण प्लास्टिकच्या पिशवीतून ती सळसळत घसरते तेव्हा घासून घासून तिच्यात वीज भरते. पावसाळ्यात हवा दमट, ती वीज गुपचूप पाझरून जाते. कोरड्या हवेत तिला वाट मिळत नाही. ती साठते, पावडरमध्ये आणि ज्या पोलादी ड्रममध्ये आपण पावडर ओततो त्यातही. आणि मग जवळ दुसरं लोखंड दिसलं की उडी मारते. नुसती उडी मारली तर बोट चटकतं, सुमनचं चटकतं तसं. पण तिथं रसायनाची वाफ असली तर पेट घ्यायला तेवढी ठिणगी पुरे.

यावरचा उपाय इतका साधा आहे की सांगताना हसू यावं. ड्रमला एक तार जोडायची आणि ती जमिनीत नेऊन सोडायची. साठण्याआधीच वीज मातीत जाते. आमच्या ड्रमला कडेला अंगठ्याएवढी पोलादी पट्टी जोडलेली होती. तारेच्या टोकाला दातेरी चिमटा, त्याला सगळे क्लिप म्हणत. क्लिप पट्टीला लावायची आणि मगच पिशवी उचलायची. त्या पट्टीला कागदावर काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. आमच्या प्लँटमध्ये तिला कान म्हणत.

"कान पकडे?" पिशवी उचलण्याआधी खालचा माणूस विचारी.

"पकडे," वर चौथऱ्यावरून उत्तर येई. त्याशिवाय पावडर पडत नसे.

वरून उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा महबूब अली असे. आम्ही त्यांना महबूबभाई म्हणायचो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, बारीक अंगाचे, आणि हातांवर भरपूर केस. ते केस म्हणजे आमचं हवामान खातं. पिशवीजवळ हात नेला की केस उभे राहत, आणि ते हात माझ्यापुढे धरत.

"देखो साब, बाल सलाम कररे. हवा सूकी है आज."

मग ते आपणहून काम थांबवत, पोती ओली करून जमिनीवर अंथरत, पाणी शिंपडत, आणि अर्ध्या तासानं हात पुन्हा नेऊन बघत. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारा काटा होता. पण तो महबूबभाईंच्या मागून चाले. त्यांना लवकरच शिफ्टचं प्रमुख करायचं असं वरच्या लोकांत ठरत आलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. नवीन पद मिळालं की पांढरं हेल्मेट मिळतं. ते अधूनमधून माझं हेल्मेट उचलून वजन बघायचे. "हलका है," म्हणायचे, "इसमें दिमाग कम गरम होता होगा."

दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. गावाकडे वडील नांगर-कुळव धुऊन हळदकुंकू लावायचे तशी आम्ही यंत्रं धुवायचो. झेंडूचे हार, भोपळा फोडणं, बायकामुलांना आत यायची परवानगी, आणि मालक मंडळींची फेरी. त्या वर्षी मी ठरवलं की आपला विभाग उठून दिसला पाहिजे. हिरवा तेलरंग आणवला. पूजेच्या आधीचे दोन दिवस रंगकाम चाललं होतं. महबूबभाई स्वतः ब्रश घेऊन बसले होते.

"साब," त्यांनी विचारलं, "कान पो भी मारना क्या रंग?"

मी लांबून बघितलं. सगळा ड्रम हिरवागार, आणि एवढीशी पट्टी काळपट, गंजकी. डोळ्याला टोचत होती.

"मारो," मी म्हणालो. "सब एक जैसा दिखने दो."

"फिर मीटर लगाके देखना पडता. रंग के ऊपर क्लिप बराबर नै लगती."

"देखेंगे."

हे 'देखेंगे' माझं आहे. यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही. त्यांनी कानावर रंग मारला, पूजेच्या दिवशी त्याच ड्रमला सगळ्यांत जाड हार घातला, आणि मालकांच्या पत्नी म्हणाल्या, किती छान दिसतंय. मी मीटर लावून, रंगाखालून वीज तारेत उतरते का ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. हवेत अजून परतीच्या पावसाची ओल होती. आधीसारखीच 'कान पकडे', 'पकडे' म्हणत पावडर पडत राहिली आणि काही झालं नाही. काही होत नाही तेव्हा माणूस समजतो, सगळं लागलेलं आहे.

जानेवारीतली दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. मी खाली कागद बघत उभा होतो. वर चौथऱ्यावर महबूबभाई, समोर ड्रम, ड्रमला खेटून मोठ्या भांड्याचं उघडं तोंड, आत रसायन. मी स्वतः विचारलं, "कान पकडे?" ते म्हणाले, "पकडे साब." सळसळ ऐकू आली. मग भप् असा एक आवाज, मोठा नाही, कुणी ओली चादर झटकावी तसा. वर पाहिलं तर भांड्याच्या तोंडाशी ज्वाळेचं फूल उमललेलं होतं आणि महबूबभाई हात छातीशी घेऊन मागे सरकत होते. दोघांनी धावत जाऊन आग विझवली. मिनिटभरात सगळं संपलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. त्या हातावरचे केस पुन्हा कधी आले नाहीत.

चौकशीला लोक आले तेव्हा क्लिप भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती. मी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य इंग्रजीत असं होतं की पावडर ओतताना क्लिप ड्रमला कनेक्टेड नव्हती. वाचणाऱ्यानं त्याचा एकच अर्थ घेतला: ऑपरेटर लावायला विसरला.

महबूबभाईंना विचारायला बोलावलं तेव्हा हाताला पट्टी होती. मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, क्लिप लावली होती का? ते म्हणाले, लगाया था. साहेबांनी खुंटीवरच्या क्लिपचा फोटो पुढं सरकवला आणि पुन्हा विचारलं. ते फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी कागद नीट लावत होतो. ते म्हणाले, "मेरेकू तो याद है साब, लगाया." तिसऱ्यांदा विचारल्यावर खाली बघून म्हणाले, "शायद भूल गया हूँगा."

त्यांना कुणी काढलं नाही. सगळ्यांना ते चांगले वाटत. फक्त पांढरं हेल्मेट दुसऱ्याला गेलं आणि ते पॅकिंगच्या गोदामात गेले, जिथं धरायला कुणाचा कान नव्हता. मी मोसंबी घेऊन त्यांना भेटायला दवाखान्यात गेलो होतो. पुढं ते लवकरच नोकरी सोडून गेले.

त्यानंतर मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. सगळ्या ड्रमांचे कान खरवडून उघडे केले. खंडेनवमीला रंग लावताना कानावर कापड बांधायचं, पूजा झाली की मीटरनं तपासायचं, क्लिपचे दात झिजले की बदलायचे, असे नियम केले. पुन्हा कधी आमच्याकडे ठिणगी पडली नाही. लोक मला इतर कारखान्यांत बोलावू लागले. मी फळ्यावर ड्रम काढून, बाजूला कान काढून समजावत असे, आणि शेवटी सांगत असे की आमच्याकडे एकदा ऑपरेटर क्लिप लावायला विसरला होता. लोक लिहून घेत. शिकवलं ते सगळं बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो. फक्त उदाहरण खोटं होतं.

गेल्या जानेवारीत सुमनसाठी ब्लाउजचं अस्तर आणायला सुलतान बाजारात गेलो होतो. दुपारची वेळ, ऊन छान, रस्त्याच्या कडेला शालींचे ढीग. लेस-बटणांच्या एका छोट्या दुकानाचं शटर खाली ओढून एक माणूस कुलूप लावत होता. हात ओळखीचा वाटला. उजवा हात, कोपरापर्यंत गुळगुळीत. महबूबभाईच ते. दाढी पूर्ण पांढरी.

कुलूप लावून त्यांनी ते तीनदा ओढून बघितलं. दहा पावलं चालून गेले, थांबले, परत आले, पुन्हा ओढलं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

शेजारचा बांगडीवाला बसल्या जागेवरून ओरडला, "महबूब मियाँ, ताला है वो, कबूतर नै. उड नै जाता."

"मालूम है, मालूम है," म्हणत त्यांनी आणखी एकदा ओढलं.

"हर दिन का है इनका," बांगडीवाला मला म्हणाला. "नमाज कू जाते तो आधी नमाज हो जाती."

मी शालींच्या ढिगामागे उभा राहिलो. अस्तर घेतलंच नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की मी त्यांचं हेल्मेट घेतलं. त्या दुपारी कळलं की मी त्यांच्या हातांवरचा त्यांचा विश्वास घेतला होता. आपण केलेलं काम आपण केलं, हे ज्याला ठामपणे म्हणता येत नाही, त्या माणसाचा दिवस कसा जात असेल?

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. ती हरभरा सोलत होती, तशीच सोलत राहिली.

"अहो, पण हे मला का सांगताय?" ती शेवटी म्हणाली. "मी महबूबभाई आहे का?"

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी मला लांबूनच ओळखलं, स्टूल पुसलं, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. दुकान त्यांच्या मेहुण्याचं, दिवसा हे बसतात. मी दोन वेळा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं. एक बाई हिरवा ब्लाउजपीस घेऊन मॅचिंग लेस शोधत होत्या. महबूबभाई एकेक रीळ कापडावर ठेवून बघत होते. "ये नै, ये तोते का हरा है. तुमकू मेहंदी का होना." मी ते हिरवे बघत बसलो.

बाई गेल्यावर म्हणालो, "महबूबभाई, वो हादसे की बात है. तपास में ऐसा आया था के क्लिप कनेक्टेड नहीं थी. मगर उसकी वजह ये भी हो सकती थी के रंग की परत के कारण..."

ते हातातलं रीळ गुंडाळत ऐकत होते. मला मध्येच थांबवलं.

"साब, रंग निकालके बोलो."

मी मग रंग काढून बोललो.

त्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेल्यावर मी एकटा परत चौथऱ्यावर गेलो होतो. क्लिप कानाला धरलेली होती. घट्ट. हिरव्या रंगावर दातांचे दोन बारीक खड्डे पडले होते, पण पोलाद दिसत नव्हतं. क्लिप लावली होती, लागली नव्हती. मला सगळं एका नजरेत कळलं: 'मारो', 'देखेंगे', आणि न लावलेलं मीटर. मी हात पुढं केला, क्लिप काढली आणि खुंटीला टांगली. अहवालातलं वाक्य नंतरचं. ते वाक्य अक्षरशः खरं आहे असं मी स्वतःला एकोणीस वर्षं सांगत आलो, आणि ते होतंही. खोटा होता तो माझा हात.

चहावर साय धरली. मग महबूबभाईंनी आपला उजवा हात उताणा करून गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "तो मैं लगाया था."

"लगाया था."

"तुम देखे?"

"मैंने निकाली. मेरे हाथ से."

"लगाया था," ते पुन्हा म्हणाले, हाताला सांगावं तसं. मग मान वर न करता: "उन्नीस साल साब. गैस का बटन देखता, फिर देखता. नमाज पढते पढते शक आता, कित्ती रकात हुई? फिर से पढता. अल्ला मियाँ भी बोलते होंगे, ये कैकू दो दो बार आता." ते हसले नाहीत. "और मैं लोगां कू बोलता था, साब कित्ते अच्छे हैं, मोसंबी लेके आए थे."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"माफी-वाफी बाद में," ते म्हणाले. "पहले मेरे घर चलो. जाहिदा कू बोलो. मैं बोला तो नै मानती, भुलक्कड की बात कौन मानता?"

त्यांना माझ्याकडून पांढरं हेल्मेट नको होतं. त्यांच्या बायकोला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ते मला बाजारातल्या त्या स्टुलावर बोलण्यापेक्षा अवघड वाटलं. पुढच्या रविवारी सकाळी मी मलकपेटेत त्यांच्या घरी गेलो. सुमन सोबत आली. म्हणाली, "मी बोलणार नाही काही. पण तुम्ही अर्ध्यात कागद लावायला लागलात तर मला दिसेल."

जाहिदाभाभींनी पदर डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत ऐकलं. मी रंग काढूनच बोललो, पहिल्या वाक्यापासून. संपल्यावर त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"मैं इनकू इत्ती बातां सुनाई," त्या म्हणाल्या. "पडोसियों के सामने सुनाई. बच्चियों के सामने. वो सब बातां मैं अब कैसे वापस लेऊँ भाईसाब? तुमकू मालूम है क्या कोई तरीका?"

मी कान धरले, दोन्ही, लहान मुलासारखे. महबूबभाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा हलला.

"कान पकडे साब?" त्यांनी चौथऱ्यावरच्या जुन्या आवाजात विचारलं.

"पकडे."

"रंग खुरचके?"

"खुरचके."

मग ते हसले, आणि त्यांचं हसू ओसरतंय तोवर जाहिदाभाभी पदराचं टोक डोळ्यांना लावून म्हणाल्या, "वो सब ठीक है. मगर परसों कोथमीर लाने भेजी तो पुदिना लाए. वो क्लिप कौन निकाला?"

त्या दुपारी आम्ही तिथं जेवलो. निघताना महबूबभाई आम्हाला रिक्षापर्यंत पोचवायला खाली आले. भाभीही आल्या. कुलूप लावून ते जिन्यात तिसऱ्या पायरीपर्यंत आले आणि परत वर गेले. मग आणखी एकदा. "आदत है साब," मला म्हणाले. "एक दिन में नै जाती." मला राग आला, त्यांचा नव्हे. मी कबूल केलं की सगळं जागेवर येईल, असं मी मनात धरून बसलो होतो. कबुलीचंही तारेसारखंच आहे. नुसती अडकवून भागत नाही, लागायला हवी.

त्याच आठवड्यात मी कारखान्याला पत्र लिहिलं. कारखाना आता दुसऱ्यांच्या हाती आहे, मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. आबिड्सच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून आलो. पत्र इंग्रजीत, पण यावेळी प्रत्येक वाक्यात कुणी काय केलं ते लिहिलं: मी रंग लावायला सांगितला, मी तपासलं नाही, महबूब अलींनी क्लिप लावली होती, मी ती काढली. महिन्याभरानं तिथल्या सुरक्षा अधिकारी बाईंचा फोन आला. तरुण आवाज, तेलुगू वळणाचं हिंदी. जुनी फाईल सापडली, पत्र तिला लावलंय, म्हणाल्या. नव्या लोकांना शिकवताना अजून ती ऑपरेटर विसरल्याची गोष्ट सांगितली जात होती. आता रंगाची सांगू. पत्राची एक प्रत मी महबूबभाईंना दिली. त्यांनी ती वाचून घडी केली आणि लेसच्या रिळांच्या खणात ठेवली. कुणाला दाखवली की नाही, मी विचारलं नाही.

मधल्या काळात आमचं येणंजाणं सुरू झालं. त्यांनी मला माफ केलं का, हेही मी विचारलेलं नाही. कधी बोलता बोलता ते एकदम गप्प होतात आणि मी ती गप्प वेळ तशीच राहू देतो. ती त्यांची आहे. पण सुमन आणि जाहिदाभाभी यांच्यात आता लोणच्याच्या बरण्या फिरतात, आणि परवा भाभींनी फोन करून सुमनला विचारलं की ज्वारीची भाकरी तव्यावर फुगत नाही ती कशी फुगवायची. सुमननं अर्धा तास समजावलं. तिचं दख्खनी ऐकून मला गॅलरीत हसू आवरेना.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा मलकपेटेत होतो. हवा एकदम कोरडी, आकाश धुतल्यासारखं. खट्टी दाळ आणि भात झाल्यावर सगळ्यांनी मिळून सुलतान बाजारात जायचं ठरलं. सुमनचं ते अस्तर वर्षभर राहूनच गेलं होतं. आम्ही बाहेर पडलो. महबूबभाईंनी दार ओढलं, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं.

जाहिदाभाभी सवयीनं तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि कठड्याला टेकल्या, ते परत वर जाऊन येतील तोवर. मीही थांबलो.

ते खाली आले, भाभींच्या शेजारून गेले आणि वळून म्हणाले, "कैकू रुकी? चलो."

भाभींनी एकदा वर कुलपाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे. त्यांच्या मागून उतरू लागल्या.

शेवटच्या वळणावर महबूबभाईंचा हात लोखंडी कठड्याला लागला आणि चट् वाजलं. त्यांनी बोट झटकलं, तो गुळगुळीत हात उन्हात धरून बघितला.

"हवा सूकी है साब," ते म्हणाले, आणि उतरत गेले.